डेलमार ह्रुस्काचा पाचवा गिअर

डेलमार ह्रुस्कानं निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या गाड्यांतले परके बोल्ट शोधण्यात घालवलं. लोरेन गावच्या जुन्या गाड्यांच्या क्लबात तो परीक्षक होता. उन्हाळ्यात सरोवराकाठच्या मैदानावर गाड्या रांगेनं उभ्या राहायच्या, बॉनेटं उघडायची, आणि डेलमार हातात छोटा टॉर्च घेऊन आत वाकला की मालकाचा श्वास अडकायचा. नळीवरची क्लिप कारखान्यातून आली तशी नाही, गुण कापले. रंग त्या सालचा नाही, गुण कापले. एकदा एका माणसानं मेलेल्या बापाची गाडी आणली होती. स्टिअरिंगवर बापानं स्वतः शिवलेलं चामडं होतं. डेलमारनं त्याचेही गुण कापले. वाईट वाटलं, पण कापले.

त्याची स्वतःची गाडी अडुसष्ट सालची पॉन्टिअॅक जीटीओ, गर्द हिरवी. तिच्या इंजिनावर आणि गिअरबॉक्सवर ठोकलेले आकडे गाडीच्या आकड्यांशी जुळत होते. या लोकांत त्याला कुळाइतका मान. माणसानं दोनदा लग्न केलेलं चालतं, गाडीनं गिअरबॉक्स बदललेला चालत नाही.

आणि त्या वसंतात डेलमारनं तो गिअरबॉक्स काढून तिथं पाच गिअरचा नवा बसवायचं ठरवलं.

ही गोष्ट शनिवारच्या न्याहारीला फुटली. पाइपांच्या बंद पडलेल्या कारखान्यासमोर एक खाणावळ आहे, तिथं क्लबातले म्हातारे अंडी, सॉसेज आणि कॉफी घेऊन दुपारपर्यंत बसतात. क्लीट व्हँडरमोलेन क्लबाचा अध्यक्ष. अंगानं दार अडेल एवढा, आवाज त्याहून मोठा.

"जजसाहेब," तो म्हणाला, "तुम्ही पाच गिअरचा डबा मागवलाय असं ऐकलं. म्हटलं, असेल कुणी दुसरा ह्रुस्का."

"दुसरा नाही. मीच."

"म्हणजे खालचा पत्रा कापणार?"

"कापावाच लागतो. नवा डबा उंच आहे, बसत नाही."

कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "माझ्या बॅटरीचं झाकण नवं होतं म्हणून याच माणसानं माझे गुण कापले होते."

"झाकण नवंच होतं," डेलमार म्हणाला.

सगळे हसले. क्लीट हसला नाही. "कशासाठी पण, डेल? पेट्रोल वाचवायला? तू वर्षातून दोनदा गाडी काढतोस."

डेलमारनं टोस्टला लोणी लावलं. "आवाज फार होतो," तो म्हणाला.

यावर तर क्लीटला खुर्ची धरावी लागली. जीटीओ घेऊन आवाज होतो म्हणणं म्हणजे सरोवरावर राहून पाणी फार आहे म्हणणं. पण डेलमार खरंच सांगत होता.

त्या गाडीला चारच गिअर. शर्यतीच्या सरळ पट्ट्यावर सुसाट सुटण्यासाठीच ती बनली. लांबच्या रस्त्यावर चौथ्यात टाकून ताशी सत्तर मैलांनी निघालात की इंजिन ओरडायला लागतं आणि उतरेपर्यंत ओरडत राहतं. कारण वर जायला पाचवा गिअरच नाही. पाचवा असला, ज्याला हे लोक ओव्हरड्राइव्ह म्हणतात, तर चाकं तेवढीच पळतात आणि इंजिन मात्र चालत्या माणसासारखं निवांत होतं. मग गाडीत माणसाचा आवाज ऐकू येतो.

डेलमारला एक आवाज ऐकायचा होता.

ऑरिन टीग हा त्याचा मेहुणा, बायकोचा भाऊ. दोघं एकाच कारखान्यात, एकाच पाळीला. दर उन्हाळ्यात दोघं याच गाडीतून शर्यती बघायला जायचे, कधी मिशिगन, कधी इंडियाना. तासन् तास शेजारी बसून एक शब्द नाही. बोलायचं म्हटलं तरी त्या गोंगाटात ऐकू आलं नसतं. आणि दोघांनाही ते सोयीचं होतं. ऑरिन हातानं पेट्रोलपंप दाखवायचा, डेलमार मान हलवायचा. अशा खुणांवर त्यांची दोस्ती म्हातारी झाली.

त्याची बायको नदीन गेली तेव्हा डेलमार पेनसिल्व्हेनियात एका प्रदर्शनात परीक्षक होता. ती दवाखान्यात होती, पण डॉक्टर म्हणाले होते, सुधारणा आहे. तीच म्हणाली होती, "जा रे तू. तुझं तोंड बघून आता मीच आजारी पडेन." तो गेला. तिच्याजवळ ऑरिन बसला. डेलमार कुणाच्या तरी गाडीखाली टॉर्च मारून बघत असताना इकडं ती संपली. तो परतला तेव्हा पलंग आवरलेला होता.

शेवटी ती काय बोलली, हे त्यानं ऑरिनला विचारलं नाही. अंत्यविधीच्या वेळी माणसं फार होती. नंतर विचारू, असं मनाशी म्हणाला. नंतर गाडीत गोंगाट होता. गॅरेजमध्ये एक मोठा पंखा होता, कारखाना बंद पडला तेव्हा तिथून उचलून आणलेला. धूर बाहेर फेकायचा आणि घर हादरवायचा. नदीन असताना ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्या पंख्यावर ओरडायची. डेलमारला तिचे ओठ हललेले दिसायचे, शब्द पोचायचे नाहीत. हात पुसत तो बटण दाबायचा तोवर ती आत निघून गेलेली असायची. ती गेल्यावरही पंखा तसाच फिरत राहिला, आणि त्याच्याखाली दोघं मेहुणे पाने-पक्कड देत-घेत राहिले. असं करत वर्षं गेली. विचारायची गोष्ट जितकी जुनी होत जाते तितकी जड होत जाते. उचलायला मग दोन माणसं लागतात.

त्याआधीच्या हिवाळ्यात ऑरिनला पक्षाघाताचा झटका आला. मुलगा त्याला केंटकीला घेऊन गेला. डेलमार फोन करायचा, सून टॅमरा उचलायची.

"त्यांचा आवाज बसलाय, डेल. अगदी तोंडाशी कान नेला तरच कळतं. फोनवर नाही कळायचं तुम्हाला."

"सुधारेल?"

"डॉक्टर म्हणतात, आहे तोही राहील असं नाही." मग ती म्हणाली, "एकच विचारतात सारखं. हिरवी गाडी कधी येणार. एक चक्कर मारायची म्हणतात."

तशी डेलमारकडे पिकअप होती, अगदी शांत. पण त्यात ऑरिनला बसवून काय उपयोग? त्यानं मागितली होती ती जीटीओ. आणि टॅमराच्या दिवाणखान्यात, समोरासमोर खुर्च्या टाकून, डोळ्यांत बघून असलं काही विचारणं या दोघांच्या रक्तात नव्हतं. दोघांनीही पुढच्या काचेतून रस्त्याकडं बघायला हवं. तरच ते विचारता येणार होतं. म्हणून पाचवा गिअर.

पत्रा कापायच्या दिवशी तो ग्राइंडर हातात धरून बराच वेळ गाडीत गुडघ्यांवर बसून होता. खडूनं आखलेली रेघ समोर होती. या गाडीला इतकी वर्षं कुणी ओरखडाही काढला नव्हता. मग त्यानं बटण दाबलं. ठिणग्या उडाल्या, जुन्या रंगाचा जळका वास आला, आणि पत्र्याचा तुकडा सुटून खाली फरशीवर वाजला. त्या भोकातून गॅरेजची फरशी दिसत होती. डेलमारला वाटलं, आता यातून काहीही आत येऊ शकतं.

जुना गिअरबॉक्स त्यानं पुसून, तेल लावून, नदीनच्या एका जुन्या गोधडीत गुंडाळला आणि बाकाखाली सरकवला. मूल झोपवावं तसा.

नवा डबा जुन्यापेक्षा लांब. म्हणजे तिथून मागच्या चाकांकडं फिरत जाणारा दांडा, शाफ्ट, आखूड हवा. गाडी जॅकवर चढवून, स्टँडवर ठेवून डेलमार खाली शिरला आणि टेपनं माप घेतलं. एका हातानं टेपचं टोक धरायचं, दुसऱ्यानं ओढायचं, तोंडात टॉर्च. पूर्वी दुसरं टोक ऑरिन धरायचा. मापाप्रमाणे शाफ्ट करून आणला, बसवला, कापलेल्या जागी उंच पत्रा वेल्ड केला, गालिचा परत घातला. वरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. त्याला मात्र गालिच्यातून ती वेल्डिंगची कड दिसत राहिली.

चाचणीला तो गावाबाहेर निघाला. चौथ्यात गाडी नेहमीसारखी ओरडली. मग त्यानं दांडी पाचव्यात ढकलली, आणि कुणीतरी खोलीचं दार लावून घ्यावं तसं झालं. इंजिन खाली कुठेतरी पुटपुटत होतं. वारा ऐकू आला. घड्याळाची टिकटिक ऐकू आली. त्या गाडीत घड्याळ चालतं हे त्याला आजवर माहीतच नव्हतं. रिकाम्या सीटकडं बघून त्यानं घसा खाकरला. खाकरणंसुद्धा ऐकू आलं.

परतताना रेल्वेचे रूळ ओलांडले. मागची चाकं उसळली आणि गाडीच्या पोटात कुणी घण मारावा असा आवाज झाला. पुन्हा एकदा उसळली, पुन्हा घण. डेलमारनं गाडी कडेला घेतली आणि तसाच बसून राहिला. काय झालं ते त्याला कळलं होतं.

माप घेताना गाडी हवेत होती. चाकं लटकत होती. चाकं लटकली की मागचा आस खाली जातो आणि गिअरबॉक्सपासूनचं अंतर वाढतं. गाडी जमिनीवर आली, भार बसला की तेच अंतर कमी होतं. मग शाफ्ट लांब पडतो आणि खड्ड्यात गिअरबॉक्सवर आदळतो. क्लबात काल आलेल्यालाही हे माहीत असतं. डेलमारलाही होतं. फक्त इतकी वर्षं ते त्याला लक्षात ठेवावं लागलं नव्हतं. तो खाली शिरला की वरून ऑरिन विचारायचा, "भार चाकांवर आहे का?" दरवेळी. डेलमार वैतागायचा, "आहे रे बाबा, आहे." कधीकधी नसायचा. मग गुपचूप बाहेर येऊन गाडी खाली करायचा.

फोन केल्यावर क्लीट ट्रेलर घेऊन आला. वाकून खाली बघितलं.

"चाकं लटकत होती?"

"हो."

"आता बाकीच्यांना काय सांगू, जज?"

"आहे ते सांग."

क्लीटनं टोपी मागं सरकवली. "एक हाक मारायची होतीस. टेपचं टोक धरण्याइतकी अक्कल मला आहे."

हाक मारायची हे डेलमारला सुचलंच नव्हतं. तो गाडीला साखळी बांधायला लागला.

त्या संध्याकाळी त्यानं केंटकीला फोन लावला आणि टॅमराकडून सगळं ऑरिनला सांगवलं.

"हसतायत," टॅमरा म्हणाली. "आवाज नाही, पण खांदे हलतायत. थांबा, काहीतरी म्हणतायत." फोन घासल्याचा आवाज. "म्हणतायत, भार चाकांवर ठेव, गाढवा. आणि म्हणतायत, लवकर ये."

शाफ्ट पुन्हा आखूड करून घ्यावा लागला, गिअरबॉक्सची जखम बघावी लागली. तोवर उन्हाळा अर्धा सरला. तो केंटकीला पोचला तेव्हा ऑरिन ओसरीवर खुर्चीत बसला होता. अर्धा चेहरा जुना, अर्धा कुणा परक्याचा. कपडे घालून, टोपी घालून तयार. त्याला सीटवर बसवताना डेलमारच्या लक्षात आलं, तो किती हलका झालाय.

ऑरिननं बसल्या बसल्या पाय गालिच्यावरून सरकवला. बुटाला उंचवटा लागला. त्यानं डेलमारकडं बघून मान हलवली आणि दोन बोटं कात्रीसारखी मिटली. गुण कापले.

हमरस्ता लागला. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. गाडी ओरडायला लागली आणि ऑरिनच्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू आलं. डेलमारनं ते थोडा वेळ राहू दिलं. मग त्यानं पाचवा टाकला.

शांत झालं. दोन्हीकडं तंबाखूची शेतं होती. डेलमारनं जे अकरा वर्षं विचारलं नव्हतं ते काचेकडं बघत विचारलं.

"नदीन शेवटी काही बोलली होती?"

घड्याळ टिकटिकत होतं. मग उजव्या बाजूनं, कागद घासावा तसा आवाज आला.

"पंखा बंद कर, म्हणाली."

डेलमारनं स्टिअरिंग धरून ठेवलं.

"मी बघितलं," ऑरिन म्हणाला. प्रत्येक शब्दाला त्याला श्वास लागत होता. "त्या खोलीत पंखा नव्हता. तुला काय सांगायचं? ती भ्रमात होती, असं? म्हणून नाही सांगितलं." थोड्या वेळानं, "दोनदा म्हणाली. मग गप्प."

"हं," डेलमार म्हणाला.

पुढं एक ट्रक होता. तो मागं पडला. शेतं संपली, पुन्हा लागली. ऑरिनचा चांगला हात गिअरच्या दांडीवर आला, पण ओढायची ताकद त्यात नव्हती. नुसता ठेवल्यासारखा ठेवला.

"चौथ्यात घाल," तो म्हणाला.

"आं?"

"ही शांतता ऐकायला का मी कपडे घालून बसलो? चौथ्यात घाल."

डेलमारनं क्लच दाबला आणि त्याचा हात हातात घेऊनच दांडी मागं ओढली. गाडी पुन्हा ओरडली, काचा थरथरल्या, घड्याळ बुडालं, वारा बुडाला. ऑरिननं डोळे मिटून डोकं मागं टेकलं.

डेलमार रस्त्याकडं बघत राहिला. "केला बंद," तो म्हणाला. त्या आवाजात ते त्याचं त्यालाही ऐकू आलं नाही.