चार पावलांत चरबी जळत नाही

बिल्डिंगमधल्या मंडळींनो, जिन्यात कुजबुजण्यापेक्षा इथे फळ्यावरच वाचा. मी दुसऱ्या मजल्यावरची शोभा. आज दुपारी मला बघायला आलेली माणसं का निघून गेली, ते मीच लिहून चिकटवतेय.

पोहे झाले, चहा झाला. मग मुलाची मावशी म्हणाली, "मुलगी अंगाने भरलेलीच आहे, नाही? जरा चालून दाखव गं."

मी बायोकेमिस्ट्री शिकते, राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, चार पावलांत चरबी जळत नाही. सुरुवातीला जास्त करून साखरच जळते. बराच वेळ चाललं की चरबीतली आम्लं रक्तातून स्नायूंच्या पेशींत पोचतात. तिथे त्यांच्या लांब साखळीचे दोन-दोन कार्बनचे तुकडे पडतात, ते जळतात, आणि त्यातून ताकद मिळते. बघायचंच असेल तर नीट दाखवते."

चपला घातल्या आणि निघाले. साडी नेसून मुलुंडहून भांडुपपर्यंत चालत गेले, चालतच परत आले. पाय दुखत होते, पण डोकं एकदम झकास.

घरी पाहुणे नव्हते. आई कपाळाला हात लावून बसलेली. "वाट लावलीस ना! चांगलं स्थळ गेलं."

"जाऊ दे गं. पोहे उरलेत का? भूक लागलीय."

आईने बशी भरून दिली.

आता तुम्हीच सांगा. त्या मुलाचं पोट शर्टाच्या बटणांना आवरत नव्हतं. त्याला चालून दाखवायला कुणीच कसं सांगितलं नाही?