दगडाबाईचा आणा

उमरग्याला कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगवर मी, ईरण्णा, मुनीम होतो. निजामाचं राज्य, महायुद्धाचे दिवस. दर बाजारच्या दिवशी आठवड्याचा पगार वाटायचा. चाळीस बाया, प्रत्येकीचा दीड रुपया, आणि त्यातून एक आणा दवाखान्याची कटौती. तो आणा कापणारा हात माझाच. दवाखाना म्हणजे माझ्या कपाटातली टिंचरची बाटली. लाज वाटायची का? खोटं कशाला बोलू, सवय झाली होती.

दगडाबाई त्या बायांतली थोरली. यंत्राला कापूस घालण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दर पगाराला ती विचारायची, "मुनीमजी, माझा आणा कापला न्हवं? इसरू नका." मला वाटे, बाई भोळी आहे. भोळा मीच होतो.

माघात त्या बायांतल्याच शिवकांताचा हात यंत्राच्या रुळात सापडला. दोन बोटं चिरडली. सोलापूरच्या दवाखान्यात नेलं तरच हात वाचेल, असं हकीम म्हणाले. मी महांतप्पा मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "टिंचर लावा की." दुसऱ्या दिवशी बाजार होता, आणि हात कोपरापर्यंत सुजला होता.

मालकांचा एक नेम होता. कटौती वजा जाता उरलेली पगाराची रक्कम ओट्यावर धोतर अंथरून मांडायची, तिला विभूती लावायची, मग वाटायची. विभूती लागलेला पैसा तिजोरीत परत गेला तर धंदा बसतो, अशी त्यांच्या वडिलांची शिकवण. मी पहिलं नाव पुकारलं. दगडाबाई जागची हलली नाही.

"पगार घ्या, दगडाबाई."

"न्हाय घेत. पाच वरसं दवाखान्याचे पैशे भरतोय आमी. आज दवाखाना लागलाय. आदी शिवकांताला न्या."

दुसरं नाव पुकारलं, तिसरं पुकारलं. एकही बाई उठली नाही. त्यांच्या घरात जोंधळ्याचा दाणा नव्हता आणि बाजार उठायला आला होता, तरी नाही.

"अगं, घ्या की! लक्ष्मी अशी उघड्यावर ठिवू न्हाय," मालक घाम पुसत म्हणाले.

"मग आत ठिवा की, मालक," दगडाबाई शांतपणे म्हणाली. दहा वर्षं तोच ओटा ती सारवत होती. मालकांचा नेम तिला माझ्याइतकाच पाठ होता.

दिवस कलता कलता मालकांनी स्वतःची मोटार काढायला लावली. शिवकांताची बोटं गेली, पण हात वाचला. खर्च जिनिंगनं भरला.

पुढच्या बाजारी मालकांनी फुरंगटून जाहीर केलं, "आजपासनं कटौती बंद. दवाखाना बी बंद." मी दगडाबाईच्या हातावर पुरता दीड रुपया ठेवला. तिनं त्यातला एक आणा परत धोतरावर टाकला.

"ह्यो कापा. फुकटचा दवाखाना आमाला नको, आन् आमच्या पैशाचा आमी सोडत न्हाय."

तिच्यामागं एकेक करत सगळ्यांनी आणा टाकला. विभूती लागलेलेच पैसे ते, तिजोरीत जायची सोयच नव्हती. मग त्यांच्यासाठी पत्र्याचा वेगळा डबा आला आणि किल्ली दगडाबाईच्या कमरेला गेली. असली बाई मी जन्मात पाहिली नाही.

डबा बंद करता करता ती थांबली. "मुनीमजी, तुमचा आणा?"

माझ्या पगारातून कधीच काही कापलं जात नसे. त्या दिवशी मी तो स्वतःच्या हातानं कापला, आणि घरी ताठ मानेनं गेलो.