यसवतीची दानसल

कोलंबोच्या खालच्या किनाऱ्यावर, वेल्लेगोड्यात, यसवतीला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि तिच्या शिव्या खाल्ल्या नाहीत असाही नाही. तोंडाने फटकळ, हाताला उरक. खाडीच्या कडेला नारळाची सोडणं कुजत घालायचे खड्डे आहेत. त्या काळ्या, घाण मारणाऱ्या पाण्यात गुडघाभर उतरायचं, सोडणं वर काढायची, दांडक्याने बडवायची, काथ्या मोकळा करायचा आणि सुंभ वळायचं, हे तिचं जन्मभराचं काम. पोर रांगत होतं तेव्हा नवरा होडी घेऊन समुद्रावर गेला. तो आला नाही आणि होडीही आली नाही. नातेवाइकांनी चार दिवस हळहळ केली आणि पाचव्या दिवशी आपापल्या कामाला लागले. यसवती खड्ड्यात उतरली. पोराला तिने सोडणांच्या ढिगावर बसवलं आणि तिथेच वाढवलं.

पोराचं नाव इसुरु. लांब पायांचा, कमी बोलणारा. लोकांच्या माडांवर चढून नारळ पाडून द्यायचा. पण त्याचं नाव झालं ते पळण्यामुळे. अवुरुदूला, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाला, सकाळी गावोगाव पळण्याची शर्यत लागते. देवळापर्यंत जाऊन परत येण्याएवढीच असली तरी तिला मॅरॅथॉनच म्हणायची पद्धत. इसुरु या गावची जिंकायचा, पलीकडच्या गावचीही जिंकायचा. एकदा पंखा घेऊन आला, एकदा इस्त्री, एकदा नुसताच केळ्यांचा घड. इस्त्री आली तेव्हा घरात इस्त्री करण्यासारखा एकच शर्ट होता. यसवती तो रोज इस्त्री करायची.

शर्यतीच्या सकाळी तिचं एक सांगणं ठरलेलं असे. "मध्ये पाणी पिऊ नकोस, पुता. पोट जड होतं. पोटात घागर हलत असली की पाय उचलत नाही." सगळ्या गावाचं हेच म्हणणं होतं. तिच्या बापाने सांगितलं, बापाला त्याच्या बापाने. पोर धापा टाकत परत आलं की ती वाळल्या बेलफुलांचा उकळता काढा त्याच्या हातात द्यायची, बरोबर माडाच्या गुळाचा खडा. घाम निथळत असताना तो गरम काढा फुंकत, गुळाचा खडा चावत तो बसायचा, आणि ती त्याच्याकडे बघत बसायची. तिच्या आयुष्यात सुखाचं म्हणून जे काही होतं ते एवढंच.

मागच्या वर्षी या किनाऱ्यावर मोठी मॅरॅथॉन आली. बाहेरच्या देशांतले लोक आले, कोलंबोचे साहेब आले. फलकावर लिहिलं होतं, जगातली सगळ्यात देखणी शर्यत. देखणी आहेच, खोटं कशाला बोला. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला माड, मध्ये वळणं घेत जाणारा रस्ता. पण पळणाऱ्याला विचारा. सूर्य वर आला की डांबर तव्यासारखं तापतं. समुद्रावरचा वारा थंड असतो असं ज्याला वाटतं त्याने इथे येऊन पळावं. तो वारा ओल्या गोधडीसारखा अंगाला चिकटतो. घाम वाळत नाही, डोळ्यांत उतरतो, आणि डोळे मिटले की समुद्र कितीही निळा असला तरी त्याचा उपयोग काय! शिवाय वेल्लेगोड्याच्या झोपड्या त्या देखणेपणात बसत नव्हत्या. म्हणून त्यांच्यासमोर आयोजकांनी कापड ताणलं, आणि त्या कापडावर समुद्राचं चित्र छापलं. खरा समुद्र समोर असताना!

इसुरु ती शर्यत पळाला, त्याचा दोस्त जनकसोबत. सकाळी यसवतीने नेहमीचं सांगणं सांगितलं आणि घरी येऊन बेलफुलं उकळत ठेवली.

पुढचं तिला जनकने सांगितलं, घरासमोर रस्त्याच्या दोन्ही कडेला मयताच्या पांढऱ्या पताका लागलेल्या असताना, ढसाढसा रडत. मोठ्या हॉटेलाची लांब भिंत आहे तिथे इसुरु म्हणाला, जनक, मला थंडी वाजतेय. भर उन्हात. हातावर काटा आलेला. जनक हसला. म्हणाला, नाटकं करू नकोस, आणि पुढे गेला. भिंत संपण्याआधी इसुरु पडला. डॉक्टरांनी सांगितलं, आतून भट्टी झाली होती. उष्णता डोक्यात गेली की माणसाला थंडी वाजते. तेव्हाच अंगावर पाणी ओतायला हवं होतं.

जनक स्वतःला दोष देत रडला, लोकांनी त्याला धरलं. यसवती रडली नाही. एकदाच तिने विचारलं, "पाणी प्यायला होता का तो?"

"टेबलं होती, अम्मा. मी प्यायलो. तो नको म्हणाला."

ते ऐकून ती आत गेली. त्या दिवसापासून यसवतीचं तोंड मिटलं. गावाला वाटलं, दुःखाने. दुःखाने तर होतंच.

वर्ष झालं. वर्षाचं दान भिक्षूंना विहारात पोचलं. मेलेल्या माणसाच्या आवडीचं जे असेल ते त्याच्या नावाने द्यायचं, घेणाऱ्याने मनापासून घ्यायचं, त्याचं पुण्य मेलेल्याला पोचतं, अशी रीत. भिक्षूंना भात, मासे, फणसाची भाजी, सगळं वाढलं. भिक्षू जेवले. पण यसवतीचं समाधान झालं नाही. ते बसून जेवणारे. इसुरु पळणारा होता. त्याचा काढा पळणाऱ्याने घ्यायला हवा, एकाने तरी. तो घोट कुणाच्या घशाखाली उतरला की पोराला सुटल्यासारखं होईल, आणि कदाचित तिलाही. दुसऱ्या दिवशी मोठी मॅरॅथॉन पुन्हा येत होती. यसवतीने जाहीर केलं, रस्त्यावर दानसल लावणार, येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट काढा देणार.

दानसल नवी नाही. वैशाखी पौर्णिमेला रस्तोरस्ती लागतात. पोरं झेंडे घेऊन रस्त्यात उभी राहतात, गाड्या अडवतात, उतरवून खाऊ घालतात. नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही.

शेजारची पोडीअक्का सत्तरी ओलांडलेली, गावात यसवतीला उलट बोलणारी एकटीच. ती म्हणाली, "दानसल लाव. पण शहाळी ठेव. उन्हात पळणाऱ्याला उकळता काढा देतेस? तो घेईल का तोंडावर फेकेल?"

"त्याला काढाच आवडायचा."

"अगं, पळून आल्यावर आवडायचा! पळता पळता नाही!"

"मी त्याला थंड कधी दिलंच नाही, अक्के. आता मेल्यावर देऊ?"

पोडीअक्काने गुपचूप आपल्या मुलाला सांगून शहाळ्यांचा ढीग ओट्याखाली लावून ठेवला. विहिरीवर दोन घागरी भरून ठेवल्या. म्हातारीला कुणी विचारलं तर म्हणाली, माझ्या पाय धुण्याला.

पहाटेच चूल पेटली. मोठं पातेलं चढलं. बेलफुलांचा तो गोडसर, धुरकट वास रस्त्यापर्यंत गेला. शर्यत पळणं जनकने त्या दिवसापासूनच सोडलं होतं. तो आणि गावातली चारपाच माणसं पेले मांडत होती. आयोजकांनी यंदाही समुद्राचं चित्र ताणलेलं होतं. यसवतीने विळ्याने दोऱ्या कापल्या आणि चित्र घडी करून ओट्यावर अंथरलं. त्याच्यावर पेले मांडले.

पहिले पळणारे दिसले. गावकऱ्यांनी जे दानसलीला करतात तेच केलं. झेंडे घेऊन सगळे रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. पहिला होता एक काळासावळा, हाडकुळा परदेशी. वाऱ्यासारखा आला, समोर माणसांची भिंत बघून दचकला, एका बाजूने सुटला आणि धक्का लागून कोलमडता कोलमडता वाचला. वर जनक त्याच्यामागे पेला घेऊन धावत, "गूळ! गूळ राहिला!"

मोटरसायकलवरून आयोजकांचा टोपीवाला आला. शिट्टी फुंकून फुंकून लालबुंद झालेला.

"वेडे आहात का? शर्यत आहे ही! कुणी परवानगी दिली?"

"रस्ता कुणाच्या बापाचा?" पोडीअक्का कडाडली. "आमचं पोर ह्याच रस्त्यावर मेलं. तेव्हा शिट्टी कुठे गेली होती तुझी?"

तो वरमला. सोबतच्या पोलिसाने मध्ये पडून समजूत काढली. बाजूला उभं राहून द्या, अडवू नका, घेतील त्यांनी घ्यावं.

मग बाजूला उभं राहून देणं सुरू झालं. कुणी घेईना. हात पुढे यायचा, पेल्याची ऊब लागली की झटकन मागे जायचा. एकाने घोट घेतला, जीभ भाजली, थुंकून टाकला. एक बाई हात जोडत, हसत, तशीच पुढे. एक जण म्हणाला, शर्यतीत नवीन काही पोटात घालत नाही. कुणी पाणी मागायचं, तर पोडीअक्काचा मुलगा शहाळं पुढे करायचा, आणि ते घटाघटा प्यायचे. शहाळी संपत आली. पातेलं तसंच.

पळणारे विरळ झाले. आता येत होते ते चालणारे. पाय ओढत, मान खाली, मिठाने पांढरे झालेले कपडे. समुद्राकडे कुणीही बघत नव्हतं.

"काढा गार होऊ दे ना, यसे," पोडीअक्का हळूच म्हणाली. "गार झाला तर घेतील."

"नको." यसवतीने चुलीत आणखी एक करवंटी सारली. पंचविशी गाठलेला एक मुलगा येत होता. सरळ चालत नव्हता, रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला जात होता. दानसलीसमोर थांबला. पातेल्यातून वाफ निघत होती, तिकडे बघितलं.

"गरम आहे?" त्याने विचारलं.

यसवती उभीच राहिली. "हो, पुता. गरम आहे. बेलफुलांचा. माझ्या मुलाच्या नावाचा."

"द्या." त्याने हात पुढे केला. "बरं होईल. थंडी वाजतेय, अम्मा."

पेला भरलेला होता. गुळाचा खडा दुसऱ्या हातात. एवढ्यासाठीच तर पहाटेपासून चूल फुंकली होती. सगळं गाव बघत होतं. पुढे आलेल्या त्या हातावर यसवतीला काटा दिसला. प्रत्येक केस उभा. कातडी कोरडी, घामाचा टिपूस नाही.

तिने पेला फेकला. त्याच्या हाताला लागलाही असता.

"अम्मा..." तो दुखावल्यासारखा म्हणाला.

"जनक! विहिरीवरचं पाणी! आण रे! आण म्हणते ना!" वर्षभरात गावाने तिचा तो आवाज ऐकला नव्हता. तिने पोराला दंडाला धरून सावलीत ओढलं, खाली बसवलं, सदरा फाडून काढला. पोडीअक्का घागर घेऊन आली, म्हातारी असून जनकच्या पुढे. डोक्यावर पाणी, मानेवर, काखेत. पोर थरथरत होतं, नको नको म्हणत होतं, तिचे हात ढकलत होतं. कुणीतरी उरलेली शहाळी फोडून अंगावरच ओतली. तिने एक शहाळं त्याच्या तोंडाला लावलं.

"पी."

"नको. पोट..."

"पोट जड होत नाही. खोटं आहे ते. पी, पुता. मी सांगते ना, पी. पी रे." तिचा आवाज फाटला. "मीच सांगितलं होतं त्याला. पिऊ नकोस म्हणून मीच सांगितलं होतं."

जनकच्या हातातली घागर तिथेच थांबली. पोडीअक्काने ती त्याच्या हातातून घेतली आणि पाणी ओतत राहिली.

दवाखान्याची गाडी आली तोवर पोराला स्वतःचं नाव आठवलं होतं. गाडीतल्या डॉक्टरीण बाईंनी नाडी बघितली. म्हणाल्या, कुणी ओतलं पाणी? वेळेवर ओतलंत. यसवतीने ऐकलं का नाही कुणास ठाऊक. गाडी गेली. पोराने वळून बघितलं नाही. बघण्याच्या अवस्थेत नव्हतं ते.

"मिळालं गं तुला," पोडीअक्का म्हणाली. "हे दानच झालं. याहून मोठं काय असतं?"

"दुसऱ्याचं पोर होतं," यसवती म्हणाली, आणि उठून विहिरीकडे गेली.

जनक तिच्या मागे गेला. विहिरीच्या कठड्याला टेकून दोघं बसली. तो काहीतरी बोलणार होता, तिने हातानेच नको म्हटलं. वर्षभर तो एकटा ते ओझं वाहत होता आणि ती बघत होती. आता दोघांना मिळून वाहायचं होतं, पण ते हलकं काही झालं नव्हतं.

तिकडे पोलिसाने रस्ता मोकळा केला. अडकून पडलेली, मातर शहराला जाणारी बस पोंपों करत आली. दानसलीचे झेंडे बघितले आणि ड्रायव्हरने, दानसल दिसली की सगळेच थांबवतात तशी, गाडी थांबवली. माणसं उतरली. बायका, म्हातारे, शाळेची पोरं, कोंबडी काखेत घेतलेला एक बाप्या. कुणाच्या नावाची, असं त्यांनी विचारलं, सांगितल्यावर हात जोडले, आणि पेले घेतले. कंडक्टरने दोनदा घेतला. बघता बघता पातेल्याचा तळ दिसला.

पोडीअक्का धापा टाकत विहिरीपाशी आली. तिच्या तोंडावर आनंद मावत नव्हता.

"यसे! संपला! सगळ्या बसने घेतला. एकाने नाही म्हटलं नाही. पोचला बघ त्याला."

यसवतीने मान वर केली.

"गरम होता?"

पोडीअक्का घुटमळली. खोटं बोलावं का, हे तिने एक क्षण चाचपून बघितलं. मग म्हणाली, "चूल विझली होती गं. कोमट होता."

यसवतीने मान पुन्हा विहिरीतल्या पाण्याकडे वळवली.

"कोमट त्याला आवडायचा नाही," ती म्हणाली.