वहिनीची दीड गोळी

अकोल्याच्या वैशाखात अंगाभोवती लोकरीची शाल गुंडाळून बसलेली बाई मी जन्मात एकच पाहिली. ती आमची वहिनी. बाकीचं घर ओले पंचे डोक्यावर टाकून हाशहुश करत असायचं आणि वहिनी चुलीपुढचा पाट सोडायला तयार नसायची. "मले तं हीव वाजून राहिलं बाई," असं ती मला म्हणायची, आणि तेही इतक्या सावकाश की तिचं वाक्य पुरं होईपर्यंत तव्यावरची भाकर करपायची.

ही एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यानची गोष्ट. आमची शेती पातूरकडे, पण दादा अकोल्याच्या शाळेत मास्तर, म्हणून शहरात बिऱ्हाड केलेलं. वहिनी मोर्शीची, संत्र्याच्या बागेत वाढलेली. लग्न होऊन आली ती नव्या नवरीच्या रीतीप्रमाणे वर्षभर मान खाली घालून वावरली. आता हिला कंठ फुटेल, आपल्याला गप्पा मारायला कुणीतरी मिळेल, म्हणून मी तिची एकुलती एक नणंद वाट पाहत होते, तर ती आणखीच मुकी झाली. चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला, केस कंगव्याला पुंजक्यांनी येऊ लागले, आवाज घोगरा झाला. दुपारी बसल्या जागी तिचा डोळा लागायचा. पण कुणाला उलट शब्द म्हणून नाही.

आईला आम्ही माय म्हणायचो. मायच्या लेखी अशी सून लाखात एक. गल्लीतल्या बायका आपापल्या सुनांची गाऱ्हाणी घेऊन ओसरीवर आल्या की माय मोठ्या ऐटीत सांगायची, "आमची पहा. दोन वर्सं झाले, भिंतीले आयकू गेलं नाही." बायका हेव्यानं वहिनीकडे पाहायच्या आणि वहिनी शालीतून मंद हसायची.

एकदा मात्र चुलीपुढेच तिला झोप लागली आणि पदरानं पेट घेतला. मी शेजारीच होते म्हणून निभावलं. दादा हादरला. इथले काढे आणि टॉनिकं करून झालीच होती, तेव्हा तो तिला अमरावतीच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. सोबतीला मी. डॉक्टरांनी नाव विचारलं. वहिनीनं ते सांगून संपवेपर्यंत त्यांचं अर्धं निदान झालं असावं, कारण ते कागद बाजूला सारून तिच्याकडे नीट पाहायला लागले. मग तिला खुर्चीवर गुडघे टेकायला लावून घोट्यामागे रबरी हातोडी मारली. पाऊल हललं, पण परत जागेवर यायला त्याला कसलीही घाई नव्हती.

"हा आळस नाही, मास्तर, आजार आहे," डॉक्टर दादाला म्हणाले. "गळ्यात थायरॉईड नावाची ग्रंथी असते. अंगाला ऊब आणि वेग तिच्यामुळे. हिची ग्रंथी थकली आहे. गोळी जन्मभर घ्यावी लागेल. पण किती घ्यायची, ते मला आज सांगता येणार नाही. हळूहळू वाढवू. घरात काय फरक दिसतो ते तुम्ही मला सांगत जा."

ती गोळी म्हणजे मेंढीच्या ग्रंथीची भुकटी, हेही त्यांनी सांगून टाकलं आणि दादानं भाबडेपणानं घरी येऊन ते मायला सांगितलं. माय माळकरी. तिनं बाटलीला घरात थारा दिला नाही. बाटली ओसरीच्या कोनाड्यात राहिली. वहिनी सकाळी तिथंच उभी राहून गोळी घ्यायची, चूळ भरायची आणि मगच स्वयंपाकघरात पाऊल टाकायची.

अर्ध्या गोळीनं काही झालं नाही. एका गोळीनं शाल सुटली. दीड गोळीवर येऊन महिना-दोन महिने झाले असतील, एका सकाळी अंगणातून खणखणीत आवाज आला, "अवो भाऊ, हे काय वांगे म्हनाव? बुडातून किडले हायेत. वरून चांगले लावता आनं गिऱ्हाइकाले आंधळं समजता काय?" मी धावत बाहेर आले. वहिनी भाजीवाल्याची टोपली उपसत होती. पदर कमरेला खोचलेला, डोळे चमकत होते. मला इतका आनंद झाला की मी तिथंच टाळ्या पिटल्या.

मायला आनंद झाला नाही. वहिनी आता डाळीत मीठ जास्त झालं असेल तर जास्त झालं म्हणायची, मग ती डाळ मायनं केलेली का असेना. पाहुण्यांसमोर हसायची. दादाच्या तपकिरीवर बोलायची. "औषधानं पोरगी बिघडली," माय दादाला म्हणाली. "आधी कशी गाय होती. कमी कर म्हन त्या डॉक्टरले." दादा स्वभावानं भित्रा. पुढच्या खेपेला त्यानं डॉक्टरांना सांगितलं, "फार तापट झाली आहे हो. सारखी वाद घालते." गोळी जास्त झाली की माणूस चिडखोर होतं, हे डॉक्टरांना ठाऊक. त्यांनी एकीवर आणली. काही आठवड्यांत वहिनी पुन्हा भिंतीला टेकून बसू लागली, आणि मायनं गल्लीत सांगितलं, देवानं ऐकलं. मला मात्र घरात कुणाचं तरी सुतक असल्यासारखं वाटायचं.

संत्र्यांच्या हंगामात वहिनीचे वडील करंडी घेऊन आले. लग्नानंतर ते एकदाच आले होते, तेही भर पाहुण्यांच्या गर्दीत. या वेळी वहिनीनं त्यांना जेवायला वाढलं, विचारलं तेवढ्याला उत्तर दिलं आणि आत जाऊन बसली. त्यांचा घास हातातच राहिला. "विहीणबाई," ते मायला म्हणाले, "मी तुमाले माही पोरगी देल्ली होती. हे कोन वाढून गेली?" दुसऱ्या दिवशी ते लेकीला घेऊन स्वतः अमरावतीला निघाले. मी आपणहून त्यांच्याबरोबर गेले.

"लग्नाआधी कशी होती ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"साहेब," वहिनीचे वडील म्हणाले, "बागंचा भाव व्यापाऱ्यासंगं हेच करे. मी आपला मांगं झाडाखाली बसो. हे बोलाले लागली का व्यापारी मलेच हात जोडे, म्हने, पाटील, पोरीले घरात बोलवा."

डॉक्टर पोट धरून हसले. मग गंभीर झाले. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी सासरच्या माणसांना विचारत बसलो. त्यांनी हिला बरी असताना पाहिलंच नाही." वहिनी खाली मान घालून ऐकत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि मलाही राहवलं नाही.

पुन्हा दीड झाली. थोडं आणखी वाढवून पाहू म्हणून दोन झाली, तर वहिनीचे हात थरथरायला लागले, छाती धडधडू लागली, झोप उडाली. "हेही मी नाही बाई," ती मला म्हणाली. "हे कोनी दुसरीच माह्यात घुसून पळत सुटली." या वेळी डॉक्टरांना ते तिनं स्वतः जाऊन सांगितलं. दीड गोळी ठरली ती कायमची. डॉक्टर पुढंही नाडी पाहायचे, हातोडी मारायचे, पण आधी विचारायचे ते तिलाच.

माय हळूहळू सरावली. सरावली म्हणजे काय, तिला चटकच लागली. सकाळी चहाबरोबर एक वाद, दुपारी सुपारी कातरताना दुसरा, असा दोघींचा रतीब सुरू झाला. ओसरीवरच्या बायकांनी माय बिचारी म्हणून कीव केली की माय फणकारायची, "माही सून हाये, मी पाहून घेईन." मग एका वर्षी अकोल्याच्या बाजारात गोळ्याच मिळेनात. वहिनी मनावर न घेता दिवस ढकलू लागली. पहिल्यांदा ओळखलं ते मायनं. "आज मी भाजीत तीनदा खोड काढली, तं हे निस्ती हो म्हने," ती दादाला म्हणाली. "जाय अमरावतीले. बाटली घेतल्याबिगर येऊ नोको." दादानं आणलेली बाटली तिनं स्वतः उघडली, गोळी आपल्या हातानं वहिनीच्या तळव्यावर ठेवली आणि बाटली स्वयंपाकघराच्या फळीवर नेऊन ठेवली.

माझं लग्न ठरलं परतवाड्याला. निघताना सगळ्या बायका रडत होत्या. वहिनीनं मला हाताला धरून बाजूला नेलं.

"बाई, एक सांगतो. तिथं वर्षभर मान खाली घालून गप्प बसू नोको. पहिल्याच दिवशी मोठ्यानं बोल. हासू आलं तं हास. नाही पटलं तं नाही म्हन. तुहा आवाज त्याईच्या कानाले पडू दे."

"आनं सासूबाई रागावल्या तं?"

"रागावू दे. पन उद्या तू गप्प झाली, तं त्याईले समजलं पाहिजे का पोरीचं काही दुखून राहिलं."

माय मागं येऊन उभी होती. मला वाटलं, आता वहिनीला बोल बसणार. मायनं माझ्या डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "आयक तिचं."

परतवाड्याला दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी कप पुढं केला आणि विचारलं, चहा कसा झाला. पाहुण्यांनी भरलेलं घर माझ्याकडे पाहत होतं. मी घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, साखर कमी आहे.