भिंतीपलीकडची भाकर
भाकर करपल्याचा वास आला, की मला लोहा गावातलं आमचं भाड्याचं घर आठवतं. शेजारी नवीनच आलेलं ख्रिस्ती जोडपं सकाळी प्रार्थना करायचं आणि मग खळखळून हसायचं. आपल्यालाच हसतात, असा आईला संशय. एकदा तिनं भिंतीला कान लावला. "रोजची भाकर मागून राहिली बाई! आपण न्हाई दिली म्हणून टोमणा हाय ह्यो." तव्यावरची तशीच सोडून, टोपल्यातली गरम भाकर घेऊन ती त्यांच्या दारात गेली. "घ्या, भिंतीआडून कशाला मागता?" बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "देवाला मागत होते, अक्का. त्यानं लगेच पाठवली!" आईलाही हसू फुटलं, तरी घरात येताच कुजबुजली, "उद्या कान दे, भाकरीसंगं खायला कोरड्यास मागती का." आता नांदेडात भिंतीपलीकडं कुणी हसलं, की मला आधी संशय येतो, मग मी तवा तापत ठेवते.