मामांचं मोठं काळीज

अख्ख्या पोलादपूर तालुक्यात आमच्या मामांइतका चौकस माणूस झाला नाही, होणारही नाही! नातं तसं लांबचं, पण मामा म्हणजे मामाच. आंबेनळीच्या चढावरल्या वाडीत एकटेच राहतात. मामी गेल्या, मुलगा मुंबईत. चढताना दर दहा पावलांवर थांबून कुणाची म्हैस व्याली का, कुणाच्या सुनेला कितवा महिना, सगळं विचारणार. कुणी भेटलंच नाही तर झाडावरचे फणस मोजत उभे. हात मात्र छातीवर. "दम लागला का मामा?" म्हटलं की डाफरायचे, "दम कसला रे? देखावा बघतोय!" जन्मापासून पाहिलेला देखावा!

या दमावर ओवा झाला, काढे झाले, भगताचा अंगारा झाला, दम्याचा पंपही झाला. शेवटी चक्कर येऊन पडले, तेव्हा मी त्यांना ओढतच महाडला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना उकिडवं बसवून, उभं करून पुन्हापुन्हा छाती ऐकली, मग मशीनवर हृदय पाहिलं. म्हणाल्या, "हृदयाचा स्नायू जाड झालाय, रक्ताची वाट अडते. क्वचित होणारा आजार आहे."

"म्हंजे काळीज मोठं!" मामा खूश. "आमची ही जन्मभर मला चिकट म्हणाली. आज असती तर फोटूच दाखवला असता."

"घरात कुणी अचानक गेलंय?"

मामांची मान ताठ झाली. "आमच्यातले पुरुष खाटेवर कुजत नायत. बाप नांगर धरून गेला, भाऊ कबड्डीत."

बाईंचं पेन थांबलं. हे रक्तातून उतरतं, काही कळायच्या आत जीव जाऊ शकतो, म्हणाल्या. "मुलं असतील त्यांनाही तपासायला हवं."

"पोरबाळ नाय," मामा म्हणाले.

मी थक्क! मामींच्या वर्षश्राद्धाला मुलगा आला नाही, तेव्हापासून यांनी बोलणं टाकलेलं. बाहेर येताच मी तडकलो, "मामा, राग तुमचा, पण जीव त्याचा आहे!"

माझा फोन घेऊन त्यांनी दोनदा नंबर दाबला, दोनदा पुसला. मग लावला. "मी हाय. बाप. इकडं ये, छाती तपासायची हाय तुझी."

दुसऱ्याच दिवशी आला बिचारा. हृदय अगदी निरोगी निघालं! काही वर्षांनी पुन्हा पाहू, बाई म्हणाल्या. मामांनी साऱ्या दवाखान्याला पेढे वाटले. संध्याकाळच्या एसटीने मुलगा परत गेला. गाडी दिसेनाशी झाली तरी मामा स्टँडवरून हलेनात.

मग हळूच म्हणाले, "तुझं ऐकतात ना रे त्या बाई? त्याला दर साली तपासायला बोलवा म्हणावं. लय धोका हाय म्हणावं."