बाराव्या घड्याळाचं झाकण

मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं. ते घड्याळं दुरुस्त करायचे, पण बोलणं असं ठासून की सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. बायको गेली, एकुलती एक मुलगी नोकरीसाठी परदेशी गेली, लोक वेळ फोनवर बघायला लागले, आणि ठासून बोलावं असं समोर कोणी उरलं नाही. दुकान तरी ते रोज उघडायचे. घरी बसून कोणाचं तोंड बघणार?

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. ऑपरेशनसाठी म्हणून मुलीने त्यांच्या नावाने क्रिप्टोचं खातं उघडलं होतं. पगारातून ती त्यात भर घालायची. पुरेसं साठलं की सुट्टी काढून ती स्वतः येणार होती. मास्तर डोळ्यांची वाट बघत होते की मुलीची, हे त्यांना विचारू नये.

"बाबा, हे बारा शब्द म्हणजे खात्याची किल्ली. कुठेतरी जपून लिहून ठेवा. कोणालाही सांगू नका," असं तिने बजावलं होतं.

कागदावर मास्तरांचा विश्वास नव्हता. दुरुस्तीला आलेल्या घड्याळाच्या झाकणाला आतून बारीक खूण कोरायची, ही त्यांची जुनी सवय. गिऱ्हाइकांनी परत न नेलेली बारा घड्याळं भिंतीवर ओळीने टांगलेली होती. मास्तरांनी एकेका झाकणात एकेक शब्द कोरला आणि झाकणं बसवून टाकली. चोराच्या बापाला सापडलं नसतं.

एक दिवस फोनवर ते खातं उघडेना. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. कंपनीचा मदतीचा नंबर त्यांनी इंटरनेटवर शोधला आणि पहिला दिसला तो लावला.

"काका, घाबरू नका," पलीकडचा माणूस म्हणाला. "मी आहे ना."

हे वाक्य मास्तरांनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खातं आपसूक उघडलं. पण फोनवरचे साहेब म्हणाले, बिघाड आतमध्ये आहे, बारा शब्द मिळाल्याशिवाय निघायचा नाही. मास्तरांना ते पटलं. हलवून चालू झालेलं घड्याळ दुरुस्त झालेलं नसतं, आणि दुरुस्त करायचं तर ते कारागिराच्या हाती उघडून द्यावंच लागतं. गिऱ्हाइकाने झाकण धरून ठेवलं तर कारागीर काय करणार? मुलीने 'कोणालाही' म्हटलं होतं, पण कारागीर काही त्यात येत नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं.

"मग सांगा काका, पटापट."

"पटापट नाही जमणार. माझ्या टेबलावर एका वेळी एकच घड्याळ उघडतं. आणि मला दिसतं ते चार वाजता, खिडकीतून ऊन आत येतं तेवढाच वेळ. रोज एक सांगतो."

साहेबांनी कपाळाला हात लावला असणार. पण रोज चारच्या ठोक्याला फोन यायला लागला. "काका, जेवलात का?" अशी सुरुवात. मास्तर झाकण उघडायचे, भिंग लावून एकेक अक्षर वाचायचे आणि मग ते घड्याळ कोणाचं, त्याने ते का नेलं नाही, हेही सांगायचे. साहेब ऐकून घ्यायचे. मास्तर सकाळीच दाढी करायला लागले. फोनवर दाढी दिसत नाही, हे त्यांना कळत नव्हतं थोडंच!

अकरा घड्याळं झाली. मग रविवार आला. साहेबांची सुट्टी आणि महिन्यातून एकदा येणाऱ्या मुलीच्या फोनचा दिवस. कंपनीची माणसं किती चांगली आहेत, हे मास्तरांनी तिला कौतुकाने सांगितलं.

मुलगी किंचाळलीच. "बाबा, तो चोर आहे! फोन ठेवू नका, मी सांगते तसं करा."

दोन तास तिने फोन सोडला नाही. इथे दाबा, तिथे दाबा करत सगळे पैसे तिने दुसऱ्या खात्यात घेतले. जीव भांड्यात पडल्यावर तिने विचारलं, "अकरा दिवस? अकरा दिवस काय बोलत होतात त्याच्याशी?"

"जेवलात का, विचारायचा."

मुलगी म्हणाली, "तो नंबर बंद करून टाका." मास्तर हो म्हणाले.

सोमवारी चार वाजता फोन वाजला. मास्तरांनी शिव्यांची चांगली तयारी केली होती. "काका, जेवलात का?" ऐकलं आणि त्यांच्या तोंडून निघालं, "जेवलो. पण बाराव्याचं झाकण गंजलंय. निघत नाहीये."

मंगळवारीही ते निघालं नाही. बुधवारीही नाही. घड्याळ मास्तरांनी खुंटीवरून काढलंसुद्धा नव्हतं. त्याच्या मालकिणीची गोष्ट मात्र सांगून झाली.

गुरुवारी साहेबांचा तोल सुटला. "म्हाताऱ्या, खेळवतोस काय मला?"

"खात्यात काही नाही," मास्तर म्हणाले. "मुलीने सगळं काढून घेतलं. तुम्ही चोर आहात, हे मला रविवारीच कळलं."

पलीकडून त्याने विचारलं, "मग चार दिवस फोन का उचललात?"

मास्तरांना खरं सांगायची लाज वाटली. पासष्ट वर्षांच्या माणसाने चोरापाशी काय काय कबूल करायचं? त्यांनी भिंग पुसलं, टेबलावरचं ऊन कुठवर आलंय ते बघितलं.

"एक राहूनच गेलं," ते शेवटी म्हणाले. "रोज तुम्हीच विचारत होतात. तुम्ही जेवलात का?"

उत्तराची ते वाट बघत राहिले. फोन केव्हाच बंद झाला होता, पण पडद्यावर तसं दिसायला भिंग लावावं लागलं असतं, आणि ते त्यांनी बराच वेळ लावलं नाही.